बारा फुटी होडीला ट्रोलिंग मोटर: ३० पाउंड, ५५ की ८०?

प्रश्न:
माझी १२ फुटी फायबरची होडी आहे, सपाट तळाची, रिकामी ११० किलो. आजवर वल्ह्यांवर भागलं, पण आता खांदा कुरकुरतो, आणि वल्ह्याच्या खडखडाटाने मासा बिचकतो ते वेगळंच. आम्ही दोघं मिळून १५० किलो. पाणी गोडं, दुपारनंतर वारा सुटतो, चार-पाच तास गळ टाकून असतो. म्हणून ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडीला मागे लावायची, बॅटरीवर चालणारी छोटी मोटर घ्यायची आहे. या मोटारींवर ३०, ४०, ५५, ८० पाउंड असं लिहिलेलं असतं. जास्त पाउंड म्हणजे जास्त वेग ना? गाडीची जुनी बॅटरी घरात पडून आहे, ती चालेल का?

उत्तर १:
डोळे झाकून ५५ घ्या. कमी घेऊन पस्तावलेले पुष्कळ पाहिले, जास्त घेऊन पस्तावलेला एकही नाही.

उत्तर २:
मी आहे ना तो पस्तावलेला! ५५ पाउंडांच्या मोटारीत सगळे पैसे घातले आणि बॅटरी साधी १०० अँपिअर-तासाची शिसं-आम्लाची घेतली. पहिल्याच दिवशी पूर्ण वेगात सुटलो. एवढी मोटर पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर ओढते. तासाभरात बॅटरीने मान टाकली आणि मी वाऱ्याच्या तोंडावर वल्ही मारत परत आलो, वर मोटर आणि बॅटरीचं ओझं. खांद्याचं विचारू नका.

पाउंड हा रेट्याचा आकडा आहे, वेगाचा नाही. अशा होडीचा वेग भरभर चालणाऱ्या माणसाएवढाच राहतो, ३० लावा की ५५. मोठ्या आकड्याचा उपयोग वाऱ्यात होडी जागेवर धरायला होतो. ढोबळ हिशोब असा, की भरलेल्या होडीच्या दर ४५ किलोंना २ पाउंड. तुमची होडी, माणसं, बॅटरी, सामान धरून ३२० किलोंच्या आसपास, म्हणजे १४ पाउंडांत ती हलेल. पण हा आकडा शांत पाण्याचा. दुपारचा वारा धरून मी ४० ते ५५च्या मधलं काहीही घेईन. ८०ला बहुधा २४ व्होल्ट लागतात, म्हणजे दोन बॅटऱ्या. बारा फुटांत त्या ठेवणार कुठे, आणि तुम्ही बसणार कुठे?

पाउंडांपेक्षा वेगाचं बटण बघा. पाच टप्प्यांच्या जुन्या धाटणीच्या मोटारी कमी वेगातही वीज उष्णतेत घालवतात. पीडब्ल्यूएम पद्धतीची, म्हणजे वीज झटपट चालू-बंद करून सलग वेग बदलणारी घ्या. पाण्यात वेग निम्मा केला की लागणारी शक्ती जवळजवळ आठव्या भागावर येते. गळ टाकून हळू फिरणाऱ्याला हे वरदानच.

गाडीची बॅटरी नको. ती क्षणभर जोराचा झटका देऊन इंजिन सुरू करायला बनवलेली असते, पातळ पत्र्यांची. तळापर्यंत चार-दोनदा उतरली की संपलीच. डीप-सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा खोलवर उतरवता येणारी घ्या. शिशाची असेल तर निम्मीच वापरायची, तरच टिकते. १०० अँपिअर-तासाची लिथियम-आयर्न-फॉस्फेट जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि शिशाच्या निम्म्याहून हलकी. मोटर स्वस्तातली घ्या, पण बॅटरी चांगली घ्या, हे मी वल्ही मारून शिकलोय.

आणि तारा जाड. पातळ तारेत व्होल्टेज पडतो, तार हाताला चटका देते. बॅटरीजवळ ६० अँपिअरचा ब्रेकर टाका.

उत्तर ३:
मोटारीच्या दांड्याच्या लांबीचा विषय कुणी काढलाच नाही. मागच्या फळीच्या माथ्यापासून पाण्यापर्यंत मोजा, होडीत दोघं बसलेले असताना. १० इंचांच्या आत असेल तर ३० इंची दांडा चालतो, १०च्या वर १६पर्यंत ३६ इंची. आखूड पडला तर लाटेत पंखा हवा खातो, आवाज करतो आणि पुढे काही सरकत नाही. दर दोन-तीन फेऱ्यांनी पंखा काढून मागे गळाच्या दोऱ्याचं तंगूस गुंडाळलेलं नाही ना ते बघा. सील कापलं गेलं की पाणी आत आणि मोटर बाद.

प्रश्नकर्ता:
सोबत्याला होडीत बसवून मोजलं, १३ इंच भरलं. म्हणजे ३६ इंची, पीडब्ल्यूएमची, ४५ पाउंडांची बघतो आणि उरलेले पैसे लिथियमला. गाडीची बॅटरी भंगारात. वल्ही मात्र होडीतच राहतील, खांद्याला तसं सांगून ठेवलंय.