हेरकादंबरीत इतकं घडतं, तरी धाकधूक का होत नाही?

लेखनवेडी:
गेलं दीड वर्ष एक हेरकादंबरी लिहितेय. सव्वादोनशे पानं झाली. तीन पाठलाग, दोन खून आणि शेवटी मोठा स्फोट आहे. दोन मैत्रिणींना वाचायला दिली. एकीने साठाव्या पानावर ठेवून दिली. दुसरीने नेटाने संपवली आणि म्हणाली, "घडतं खूप, पण पोटात गोळा येत नाही." ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. वाचक खिळून राहतो तो नेमका कशामुळे? पाठलाग वाढवू का?

रात्रवाचक:
वाढवू नका, एक काढूनच टाका. तुमचा नायक खोट्या नावाने वावरत असेल ना? मग भीती तिथे आहे. मागे गाडी लागली की मला एवढंच कळतं, हा सापडेल किंवा सुटेल. पण जेवताना कुणी सहज विचारलं, "तुम्ही कुठल्या शाळेत होतात?" आणि समोरचाच त्या शाळेतला निघाला, तर माझा घास हातातच राहतो.

खोटं एकदा बोलून भागत नाही, ते रोज पोसावं लागतं. दुसऱ्या महायुद्धातल्या हुआन पुजोलचं उदाहरण घ्या. हा स्पॅनिश माणूस, ब्रिटिशांनी ठेवलेलं टोपणनाव गार्बो. जर्मनांना वाटायचं तो आपला हेर, काम मात्र ब्रिटिशांचं. त्याने हाताखाली २७ हेर असल्याचं जर्मनांना पटवलं होतं. एकही खरा नव्हता! त्यांतला एक लिव्हरपूलला 'राहायचा'. १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेसाठी तिथून जहाजं निघणार होती. बंदरावरच्या हेराला ती दिसायलाच हवीत. कळवावं तर मोहीम फुटते, गप्प राहावं तर जर्मनांना संशय येतो. मग काय केलं? त्या नसलेल्या माणसाला आजारी पाडलं, मारलं, स्थानिक वर्तमानपत्रात त्याच्या निधनाची बातमीही छापून आणली. जर्मनांनी त्याच्या 'विधवेला' पैसे देऊ केले.

यात एकही गोळी सुटत नाही. तरी मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पहाटे तीनपर्यंत पुस्तक खाली ठेवलं नव्हतं.

पानोपानी:
पटलं. रहस्याबद्दल थोडं माझं. फोर्साइथच्या 'द डे ऑफ द जॅकल'मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारण्याचा कट आहे. कादंबरी १९७१ ची, द गॉल त्याआधीच्या वर्षी घरी वारले. म्हणजे कट फसणार हे पहिल्या पानापासून ठाऊक. तरी आपण वाचत सुटतो, कारण बनावट पासपोर्ट कसा मिळवला, बंदूक कशी लपवली, यातला प्रत्येक टप्पा डोळ्यांसमोर घडतो. शेवट झाकण्यातच सगळी शक्ती घालवू नका.

लेखनवेडी:
आत्ता हस्तलिखित काढून बसले. बाराव्या पानावर माझा नायक "बहीण आजारी आहे" असं खोटंच सांगून कचेरीतून रजा घेतो. पुढच्या दोनशे पानांत त्या बहिणीचं नावसुद्धा नाही!

रात्रवाचक:
मग आता साहेबांच्या बायकोला तिला भेटायला येऊ द्या. फळं घेऊन, न कळवता.