उंदरांचं यकृत आणि आपलं

हळदीतल्या कर्क्युमिनने फायब्रोसिस (यकृतात साठत जाणारा व्रण) मागे फिरतो, उंदरांवर सिद्ध झालंय, असं या चर्चेत एकांनी लिहिलंय. उंदरांपुरतं मान्य. पण हे प्रयोग होतात कसे, ते इथे कुणी सांगितलेलं नाही. उंदराला काही आठवडे कार्बन टेट्राक्लोराइड हे यकृताला घातक रसायन टोचतात. त्याने यकृतातल्या स्टेलेट पेशी (व्रण तयार करणाऱ्या पेशी) चेकाळतात आणि कोलॅजेन, म्हणजे व्रणाचं तंतुमय प्रथिन, साठवू लागतात. बऱ्याच प्रयोगांत वनस्पतीचा अर्क या विषासोबतच देतात, कधी त्याच्याही आधी. मग आधीच झालेला व्रण अर्काने भरला, की मुळात विषाचा माराच अडवला? शिवाय विष थांबवलं की उंदराचं यकृत औषधाविनाही बरंच सुधारतं. पंधरा वर्षं दारू रिचवलेल्या माणसाशी याची तुलना कशी करायची?

माणसांवरचं उदाहरण हवं तर सिलिमरिन (मिल्क थिसल या वनस्पतीचा अर्क) बघा. हेपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांवरची अमेरिकेतली चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीपेक्षा जास्त मात्रा देऊनही एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) खोट्या गोळीपेक्षा काही वेगळं उतरलं नाही. (मुख्य मोजमाप एन्झाइमचं होतं, व्रणाचं नव्हे, हेही खरं.)

आणि 'झाडपालाच तर आहे' म्हणणाऱ्यांसाठी: कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापली. वनस्पतीची ओळख नीट पटवली नाही, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. मला तो अर्धाच पटतो. पुडीत नेमकी कुठली वेल आहे, हे घेणाऱ्याला तरी कुठे ठाऊक असतं!