मॉड्रिचनंतर माद्रिदची मधली फळी: वय, करार आणि वारसदार याबद्दल सल्ला हवा आहे

मंगळवारपेठकर | २ जून २०२५

नमस्कार. २४ मे रोजी माद्रिदच्या घरच्या मैदानावर, बर्नाबेऊवर, रेआल सोसिएदादविरुद्धच्या सामन्यात शेवटची काही मिनिटे उरली असताना लुका मॉड्रिच मैदानाबाहेर आला, तेव्हा दोन्ही संघांच्या खेळाडूंनी दुतर्फा उभे राहून त्याला निरोप दिला आणि कडेला टोनी क्रूस त्याची वाट पाहत उभा होता. ते दृश्य पाहताना मन भरून आले, पण त्याच वेळी एक काळजीही वाटली. २०१४ पासून दहा वर्षे ज्या दोघांनी रेयाल माद्रिदची मधली फळी चालवली ते दोघेही आता संघात नाहीत, आणि त्यांच्या जागी नेमके कोण खेळणार आहे हे मला सांगता येत नाही.

क्रूस गेल्या उन्हाळ्यात निवृत्त झाला आणि त्यानंतरच्या मोसमात काय घडले ते आपण सर्वांनी पाहिले. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत आर्सेनलने दोन सामन्यांत मिळून ५-१ असे हरवले आणि बार्सिलोनाकडून आपण एकाच मोसमात चार वेळा पराभूत झालो. वाल्वेर्दे, चुआमेनी, कामाविंगा आणि बेलिंगहॅम हे चौघेही उत्तम आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही बचावफळीकडून चेंडू घेऊन तो शांतपणे पुढे पोहोचवणारा माणूस मला या चौघांत दिसत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. तिशी ओलांडलेल्या खेळाडूला एकेका वर्षाचीच मुदतवाढ देण्याचे क्लबचे धोरण योग्य होते का, की त्या धोरणामुळेच वारसदार शोधण्याचे काम दरवर्षी पुढे ढकलले गेले? आणि आता वारसदार म्हणून मँचेस्टर सिटीच्या रॉद्रीसारखा तयार खेळाडू घ्यावा, श्टुटगार्टच्या अँजेलो स्टिलरसारखा तरुण घ्यावा, की घरातल्याच अर्दा ग्युलेरला मागे खेळायला शिकवावे? रेआल सोसिएदादचा मध्यरक्षक झुबिमेंडी आर्सेनलच्या वाटेवर असल्याच्या बातम्या असल्याने त्याचे नाव मी धरलेले नाही. कृपया कारणांसह सल्ला द्यावा.

आकडेमोड | २ जून २०२५

पहिल्या प्रश्नाचे उत्तर हिशेबाच्या बाजूने देतो, कारण वयाचा आणि कराराचा संबंध तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

खेळाडू विकत घेताना दिलेली रक्कम क्लबच्या वहीत एकाच वर्षी खर्ची पडत नाही, ती कराराच्या वर्षांत विभागली जाते. चुआमेनीसाठी २०२२ मध्ये मोनाकोला सुमारे ८ कोटी युरो दिले आणि करार सहा वर्षांचा होता, म्हणजे पगाराशिवाय वर्षाला सुमारे १.३३ कोटी युरो त्याच्या नावावर पडतात. याउलट मॉड्रिचची मुदतवाढ केली की खर्च फक्त पगाराचा असतो. तो कमी खेळला किंवा जायबंदी झाला तरी क्लब एका वर्षात मोकळा होतो. ३५ ते ३८ या वयात चार वेळा एकेका वर्षाची मुदतवाढ देणे हा माझ्या मते माद्रिदचा अतिशय शहाणपणाचा व्यवहार होता.

आता माद्रिदचा जुना मध्यरक्षक कासेमिरोकडे पाहा. २०१३ मध्ये साओ पाउलोकडून तो सुमारे ६० लाख युरोंना आला होता, त्यामुळे २०२२ पर्यंत ती रक्कम वहीत केव्हाच फिटलेली होती. मँचेस्टर युनायटेडने तिशीतल्या कासेमिरोसाठी ६ कोटी पौंड आणि वर कामगिरीवर अवलंबून असलेली आणखी रक्कम देऊ केली, म्हणजे जवळजवळ सगळाच नफा. युनायटेडच्या बाजूने मात्र ६ कोटी पौंड चार वर्षांत विभागले की वर्षाला दीड कोटी होतात, त्यात त्याचा मोठा पगार मिळवायचा, आणि करार संपतो तेव्हा खेळाडू ३४ वर्षांचा असल्यामुळे त्यातून काहीच परत येत नाही. पहिल्या मोसमात त्याने लीग कप मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला, अंतिम सामन्यात गोलही केला, हे खरे आहे. पण पुढच्याच मोसमात क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ४-० अशा पराभवात त्याला मध्य बचावपटू म्हणून खेळताना पाहणे फार क्लेशदायक होते.

म्हणून सल्ला असा: रॉद्री या महिन्यात २९ वर्षांचा होईल आणि सप्टेंबरमध्ये त्याच्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले होते. त्याच्यासाठी मोठी रक्कम मोजून पाच वर्षांचा करार करणे म्हणजे युनायटेडची चूक आपण गिरवणे ठरेल.

पर्वतीपायथा | ३ जून २०२५

आकडेमोड यांचा हिशेब अचूक आहे, पण एकेका वर्षाचे धोरण सर्वांना सारखेच लावले की काय होते याचे एक उदाहरण त्यांनी सोडले. २०११ मध्ये एसी मिलानने आंद्रेआ पिर्लोला जाऊ दिले. तो ३२ वर्षांचा होता, क्लब तिशीनंतर एकाच वर्षाचा करार देत असे, आणि नुकतेच विजेतेपद मिळवलेल्या मिलानला त्याच्यावाचून चालेल असे वाटले. युव्हेंटसने त्याला तीन वर्षांचा करार देऊन फुकट नेले. पुढची चारही वर्षे इटलीची लीग युव्हेंटसने जिंकली, त्यांतली पहिली तर एकही सामना न गमावता.

माद्रिदचा कर्णधार सर्जिओ रामोसचेही तसेच झाले. त्याला दोन वर्षे हवी होती, क्लब एका वर्षावर अडून बसला, आणि एका वर्षाला तो तयार झाला तेव्हा देऊ केलेल्या प्रस्तावाची मुदत उलटून गेली होती.

वय हा एकच निकष मला मान्य नाही. ज्याचा खेळ धावण्यावर उभा आहे तो तिशीनंतर लवकर उतरतो, आणि ज्याचा खेळ पाहण्यावर उभा आहे तो उशिरा उतरतो. करार देताना जन्मतारखेआधी हे पाहिले पाहिजे.

जुना मध्यरक्षक | ३ जून २०२५

मी कोल्हापुरात पेठेतल्या तालमीकडून बरीच वर्षे मधल्या फळीत खेळलो आहे. शाहू स्टेडियमवर मोठ्या सामन्याला गॅलरी भरली की मधल्या खेळाडूवर कसला दाब येतो हे ज्याने सोसले आहे त्याला क्रूसची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

३० एप्रिल २०२४ चा बायर्नविरुद्धचा म्युनिकमधला उपांत्य सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दिसला होता. त्यातला आपला आघाडीवीर व्हिनिसियसचा पहिला गोल पुन्हा लावून पाहा आणि या वेळी चेंडूकडे न पाहता क्रूसच्या हाताकडे पाहा. पास देण्याआधी तो व्हिनिसियसला कोणत्या रिकाम्या जागेत पळायचे ते हाताने दाखवतो. बायर्नचा मध्य बचावपटू व्हिनिसियसच्या मागोमाग वर आलेला असतो, त्याच्या पाठीमागे जागा तयार होते, आणि मग क्रूस जमिनीलगत, एवढ्या बेताच्या वेगाने चेंडू सोडतो की व्हिनिसियसला पाऊल आखडावे लागत नाही आणि गोलरक्षकालाही पुढे येता येत नाही. हे करताना क्रूस धावलेलासुद्धा नाही.

मॉड्रिचचे काम वेगळे होते. १२ एप्रिल २०२२ ला चेल्सीविरुद्ध ८०व्या मिनिटाला त्याने उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने रॉद्रिगोला दिलेला पास आठवावा. क्रूस सामन्याची चाल ठरवत असे आणि मॉड्रिच ती मोडून नवीन काही काढत असे. वारसदार शोधताना या दोन कामांची गल्लत होता कामा नये. आज संघात दुसरे काम करू शकणारी मुले आहेत, पहिले काम करणारे कोणी नाही. म्हणून ग्युलेरला क्रूसच्या जागेवर बसवण्याआधी त्याच्यात पहिल्या कामाचा संयम आहे का हे तपासावे, कारण त्याचा स्वभाव मला दुसऱ्या कामाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. माझ्या जागी जो मुलगा आला तो दोन हंगाम माझ्या शेजारी खेळला होता. मी कुठे उभा राहतो, केव्हा मुद्दाम पास देत नाही, हे त्याला कोणी शिकवले नाही, ते त्याने बघून उचलले. वारसदार जाणाऱ्याच्या आधी यावा लागतो. कासेमिरोच्या बाबतीत माद्रिदने ते केले होते: कामाविंगा २०२१ मध्ये आला, चुआमेनी कासेमिरो जाण्याच्या दोन महिने आधी आला. क्रूसच्या बाबतीत तसे झाले नाही. तो एकेक वर्ष पुढे खेळत राहिला आणि त्याच्या शेजारी त्याच्यासारखा कोणीही उभा केला गेला नाही.

मंगळवारपेठकर | ४ जून २०२५

जुना मध्यरक्षक, आपले मनापासून आभार. तो गोल मी काल रात्री तीन वेळा पाहिला आणि हाताची खूण मला इतक्या दिवसांत दिसली नव्हती याची रुखरुख लागली. पण मग क्लबने दोष कुठे केला असे आपण म्हणाल? क्रूसने निवृत्तीचा निर्णय स्वतः मे २०२४ मध्ये जाहीर केला, आणि जाता जाता १ जूनला वेम्बलीवर त्याच्याच कॉर्नरवर कार्वाहालने अंतिम सामन्यातला पहिला गोल केला. इतक्या उत्तम खेळणाऱ्या माणसाच्या जागेसाठी आधीच कोणाला आणले असते, तर त्या नव्या मुलाला खेळायला कुठे मिळाले असते?

जुना मध्यरक्षक | ४ जून २०२५

मोसमात पन्नासहून अधिक सामने असतात. ३४ वर्षांच्या माणसाला त्यांतले पंधरा-वीस सामने विश्रांती दिली असती तर दोघांचेही भले झाले असते.

वास्कोचा प्रेक्षक | ५ जून २०२५

आमच्या गोव्याने हे दुखणे जवळून पाहिले आहे, म्हणून लिहितो. सर्जिओ लोबेरा यांच्या एफसी गोवा संघात अहमद जाहू मध्यभागी मागे उभा राहून सगळा खेळ फिरवीत असे. २०१९-२० मध्ये इंडियन सुपर लीगच्या साखळीत आम्ही पहिले आलो आणि त्यामुळे आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरलो. २०२० मध्ये लोबेरा मुंबई सिटीकडे गेले आणि पाठोपाठ ३२ वर्षांचा जाहूही गेला. वयाकडे पाहून तेव्हा अनेकांनी त्याची फार फिकीर केली नाही. त्याच मोसमात मुंबईने साखळी आणि चषक दोन्ही जिंकले, आणि उपांत्य फेरीत पेनल्टींवर आम्हालाच हरवले.

माझे निरीक्षण असे की अशा खेळाडूचे मोल प्रशिक्षकाच्या पद्धतीशी बांधलेले असते. माद्रिदचे नवे प्रशिक्षक झाबी अलोन्सो कसा खेळ बसवतात हे ठरल्याशिवाय कोणाचेही नाव घेणे घाईचे होईल. एक गोष्ट मात्र आशादायक आहे. २०१४ मध्ये माद्रिदने २४ वर्षांचा क्रूस आणला आणि महिनाभराने ३२ वर्षांचे अलोन्सो स्वतः बायर्नला निघून गेले, त्याच वर्षी जानेवारीत मुदतवाढ केलेली असूनही. जागा सोडणे म्हणजे काय आणि ती भरणे म्हणजे काय, हे या प्रशिक्षकाला पुस्तकातून वाचावे लागणार नाही.

पर्वतीपायथा | ५ जून २०२५

एक दुरुस्ती सुचवते. गेल्या मोसमाचे सगळे खापर क्रूसच्या रिकाम्या जागेवर फोडणे मला न्याय्य वाटत नाही. ऑक्टोबरमध्ये कार्वाहाल आणि नोव्हेंबरमध्ये मिलिताओ गुडघ्याच्या दुखापतीने मोसमाबाहेर गेले. परिणामी चुआमेनीला अनेक सामन्यांत मध्य बचावपटू म्हणून आणि वाल्वेर्देला उजव्या बाजूला बचावपटू म्हणून खेळावे लागले. मधल्या फळीतले दोन खांब काढून मागे लावले तर वरचे छप्पर वाकणारच. आधी बचावफळी भरून काढली तर निम्मी मधली फळी आपोआप परत मिळेल, म्हणून पहिली खरेदी बचावपटूंची असावी असे माझे मत आहे.

आकडेमोड | ६ जून २०२५

पर्वतीपायथा यांच्याशी मी सहमत आहे, आणि त्यात एवढेच जोडतो की बचावफळीवर पैसे खर्च झाल्यावर मधल्या फळीसाठी जे उरेल ते २४ वर्षांच्या स्टिलरसारख्या खेळाडूवर लावावे. तो डावखुरा आहे, चेंडू पायाशी घेऊन खेळाला वेग देणे किंवा थांबवणे त्याला जमते, आणि चार वर्षांनी विकायचे ठरले तरी पैसे परत येतात.

मंगळवारपेठकर | १५ जुलै २०२५

क्लब विश्वचषक संपला, म्हणून पुन्हा लिहितो. ९ जुलैचा पॅरिस सेंट-जर्मेनविरुद्धचा उपांत्य सामना आपण ४-० असा गमावला आणि माझ्या पहिल्या प्रश्नापेक्षा दुसऱ्याचे उत्तर मला तिथे मिळाले. व्हितिन्या, जुवाँव नेव्हेस आणि फाबियान रुईझ या तिघांनी पहिल्या पंचवीस मिनिटांत सामना संपवला, त्यात फाबियानचे दोन गोल होते. आपल्या चेंडूला मात्र मागून पुढे जायला वाटच सापडत नव्हती. मॉड्रिच बदली खेळाडू म्हणून आला तेव्हा निकाल लागून गेलेला होता, आणि माद्रिदच्या पोशाखात त्याला तेवढेच शेवटचे पाहायला मिळाले. आता तो मिलानकडे गेला आहे, ज्या क्लबने पिर्लोला ३२व्या वर्षी सोडले त्यांनी मॉड्रिचला चाळिशीच्या उंबरठ्यावर घेतले आहे.

ग्युलेरविषयी जुना मध्यरक्षक यांचे म्हणणे मी स्पर्धेत मुद्दाम तपासले. अलोन्सोंनी त्याला मागे खेळवले आणि मेक्सिकोच्या पाचुका क्लबविरुद्ध तो मोकळेपणाने खेळला, गोलही केला. पण पॅरिसने अंगावर येऊन दाब टाकला तेव्हा प्रत्येक वेळी त्याची पहिली नजर पुढच्या अवघड पासकडे गेली, शेजारच्या सोप्या पासकडे गेली नाही. मुलगा अवघा वीस वर्षांचा आहे, त्याला दोष देत नाही. त्याच्या शेजारी दोन हंगाम उभा राहून सोपा पास देणारा माणूस हवा, आणि त्यासाठी मी आता स्टिलरच्या बाजूने आहे. त्याचे श्टुटगार्टचे सामने कोणी नियमित पाहत असल्यास दाबाखाली तो कसा खेळतो ते कृपया इथे लिहावे. खरेदीची मुदत संपायला अजून दीड महिना आहे.