वारेत वडिलांचेही जीन्स असतात

वार (प्लॅसेंटा) आईचाच अवयव, त्यात बाळाच्या जीन्सचा (जनुकांचा) काय संबंध, हे या चर्चेत कोणीतरी मांडलेलं म्हणणं नाही पटलं. वारेच्या बहुतेक पेशी फलित बीजापासूनच बनतात, म्हणजे वडिलांचे जीन्सही तिथे काम करतात, आयजीएफ२ या वाढीच्या जीनची तर वडिलांकडून आलेली कॉपीच चालू असते, आईकडची बंद.

आणि प्रीएक्लॅम्प्सियाचं, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याच्या आजाराचं, इथे कोणीच लिहिलं नाही. माझ्या वहिनीचं बीपी आठव्या महिन्यात वाढलं तर इथे नागपुरात घरचे सगळे तिच्या लोणच्या-पापडावर खापर फोडत बसले, फार वाईट वाटायचं तिच्यासाठी. खरं तर त्यात वारेतला एफएलटी१ जीन जास्त चालतो, त्याचं प्रोटीन आईच्या रक्तात उतरून रक्तवाहिन्यांना लागणारे ग्रोथ फॅक्टर अडकवून ठेवतं, बीपी चढतं ते त्याने. म्हणूनच वार बाहेर आल्यावर त्रास उतरायला लागतो, तोही लगेच नाही, बरेच दिवस लक्ष ठेवावं लागतं.