कोकणात येऊन सुरमईच का मागता?

सड्यावरचा:
मालवण-तारकर्ली घ्या, गणपतीपुळे घ्या नाहीतर अलिबाग, जेवणाच्या पाट्या सगळीकडे त्याच. सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी, खाली पनीर आणि चायनीज. आमच्या किनाऱ्यावर तारली आहे, पेडवे आहेत, मुडदुशा, सौंदाळे, खाडीतले शिंपले म्हणजे तिसऱ्या, कालवं. पाहुण्यांच्या ताटात यातलं क्वचितच येतं, कारण कुणी मागतच नाही. माझं म्हणणं सरळ आहे. मासा घरून ठरवून येऊ नका. 'आज काय आलंय?' विचारा आणि जे ताजं असेल ते खा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा सुरमईचा हट्ट धरलात तर बर्फातलीच पदरात पडणार. त्या दिवसांत टाकळ्याची भाजी, कुळथाची पिठी, सुक्या बांगड्याची किसमूर खाऊन बघा.

पुण्याची भटकी:
अजिबात पटलं नाही. पेडव्यात काटेच काटे. सोबत लहान मूल आणि सासूबाई असताना मी ताटावर काटे वेचत बसू का? सुरमईच्या तुकडीत मधला काटा काढला की मूल स्वतःच्या हाताने जेवतं. वर्षातून एकदा सुट्टी मिळते, पैसे आम्ही मोजतो, आवडीचं खाल्लं तर त्यावरही बोलणी खायची?

घरगुती खानावळ, वेंगुर्ला:
मी पाहुण्यांना जेवण देते, म्हणून लिहिते. दर्या खवळला की सुरमईचा भाव कुठच्या कुठे जातो, आणि फोनवर थाळीचा दर तर आधीच ठरलेला असतो. त्याच दिवशी बांगडा फडफडीत मिळतो. बांगड्याचं तिखलं करायचं तर तिरफळ या मसाल्याच्या फळातली काळी बी काढून टाकायची, सालं जराशी ठेचायची आणि उकळी आल्यावर वरून घालायची. वाटणात वाटली की कडू होतात. हा वास ज्याने घेतला तो दुसऱ्या दिवशी परत तेच मागतो. पण धागाकर्त्यांनाही सांगते, पिठी वाढायला आमच्याच घरातून विरोध होतो. सासूबाई म्हणतात, "पाव्हण्यांका पिठी कसली वाढतंस?" गरिबीचं जेवण पाहुण्यापुढे ठेवायला जुन्या माणसांचा जीव होत नाही. त्यात पाहुण्यांचा काय दोष?

बंदरावरचा:
मी मच्छीमाराच्या घरातला. सुरमई मागू नका हे सांगणं सोपं आहे. सुरमई-पापलेटाला भाव मिळतो तेव्हा ट्रॉलरचं डिझेल आणि खलाशांचा पगार सुटतो. तारलीवर ते गणित बसत नाही. हर्णैला संध्याकाळचा लिलाव एकदा उभं राहून बघा, कुठल्या टोपलीभोवती गर्दी होते ते कळेल. पाहुणा चांगला मासा खातो म्हणून बंदर चालतं. नको खाऊ म्हणायचंच असेल तर वीतभर सुरमईची पिल्लं आणि तळहाताएवढी पापलेटं नको म्हणा. तिथे मी तुमच्या बाजूने आहे.

सड्यावरचा:
ट्रॉलरचं गणित मान्य. पण रापण ओढणाऱ्यांचं काय? किनाऱ्यावरून दोर ओढणाऱ्यांच्या जाळ्यात बांगडा, तारलीच जास्त येते. पाहुण्यांनी ती मागितली तर त्यांच्याही टोपलीला चार पैसे जास्त मिळतील. पिल्लांबद्दल सोळा आणे सहमत.

दापोलीकर:
सगळा धागा माशांवरच? आम्ही शाकाहारी. समुद्राकाठच्या हॉटेलात आमच्यापुढे पनीर येतं, तेही मार्चमध्ये, जेव्हा मागच्या परसात ओला काजू आणि कोवळा फणस लटकलेला असतो! कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे, पण ओल्या काजूची उसळ पाटीवर शोधून सापडत नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी द्या, आम्ही सुरमई थाळीएवढे पैसे आनंदाने देऊ. मला तर हाच खरा प्रश्न वाटतो आणि इथे त्यावर कुणी बोललंच नाही.

पुण्याची भटकी:
नाताळात वेंगुर्ल्याला येतोय. सुरमई मी मागणारच. पण काट्यांशिवाय दुसरं काय मिळेल?

घरगुती खानावळ, वेंगुर्ला:
तिसऱ्यांची एकशिपी करते, म्हणजे एक शिंपली काढून दुसरीतलं मांस तसंच ठेवून शिजवलेली, त्यात काटा नाही. मुलाला शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि नारळाचा गोड रस, सासूबाईंना मऊ घावणे. सुरमई त्या दिवशी चांगली दिसली तरच आणेन, नाही दिसली तर तसं सकाळीच सांगेन. किती माणसं ते आदल्या रात्री कळवा, शिरवाळ्यांचे तांदूळ भिजवावे लागतात.