मुगाचं धिरडं सकाळी तव्याला चिकटतं, मदत हवी आहे

सकाळी ६:४० ची बदलापूर लोकल पकडते, जेवण थेट १ वाजता. वजन कमी करायचं आहे, म्हणून नाश्ता साधारण २५० कॅलरीत बसवायचाय आणि तो पोटात टिकायलाही हवा. पोहे खाऊन बघितले, दहा वाजताच पोटात कावळे ओरडतात. ओट्सचा उपमा डब्यात गिच्च होतो. सालीच्या मूगडाळीचं धिरडं मात्र खरंच टिकतं. ५० ग्रॅम कोरड्या डाळीत १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, आणि चवही आवडते.

अडचण पिठाची आहे. पहाटे बाळ झोपलेलं असतं, मिक्सर लावता येत नाही. म्हणून डाळ चार तास भिजवून रात्रीच आलं-मिरची घालून वाटते आणि फ्रीजमध्ये ठेवते. सकाळी वर पाणी सुटलेलं असतं. ढवळून घातलं तरी धिरडं मधोमध तव्याला धरतं, उलटताना तुकडे होतात. मीठ सकाळी घालून बघितलं, पाणी कमी केलं, दोन चमचे तांदळाचं पीठ घातलं. कडा सुटतात, पण मधला भाग तसाच.

तवा बिडाचा आहे, डोसे त्यावर छान सुटतात. नॉनस्टिक घ्यायचा नाही. एका धिरड्याला अर्ध्या चमच्यापेक्षा जास्त तेल नको. घरात अंडं चालत नाही.

रात्री वाटलेलं पीठ सकाळी नीट सुटावं म्हणून वाटतानाच काही वेगळं करावं लागतं, की माझा तवा कमी-जास्त तापतोय?