लेफ्टनंटची वर्दी की पुण्यातली नोकरी? वडिलांच्या प्रश्नाला उत्तर सापडत नाही

खानापूरचा इंजिनिअर:
वय २५, शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंग. गेली तीन वर्षे बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या उत्पादनाचे नियोजन पाहतो. लष्कराच्या शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल प्रवेशासाठी (इंजिनिअरला ठरावीक मुदतीपुरते अधिकारीपद) बंगळूरच्या एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळात, दुसऱ्या खेपेस माझी निवड झाली, वैद्यकीय तपासणी पार पडली आणि चेन्नईच्या अकादमीत रुजू होण्याचे पत्र आले. त्याच पंधरवड्यात पुण्याच्या एका कंपनीने वर्षाला साडेसात लाखांची नोकरी देऊ केली.

वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पत्र त्यांनी दोनदा वाचले, चष्मा काढून पुसला आणि विचारले, "मी हवालदार होऊन पेन्शन खातो, तू साहेब होऊन बिनपेन्शनचा परत येणार काय?"

प्रश्न खरा आहे. शॉर्ट सर्व्हिसची मुदत १० वर्षांची, ती आणखी ४ वर्षे वाढू शकते. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी २० वर्षे सेवा लागते, तर जवानाला १५ वर्षे पुरतात. दहाव्या वर्षी कायम कमिशन, म्हणजे मुदतीविना अधिकारीपद, मिळाले नाही, तर पस्तिशीच्या पुढे मी नव्याने नोकरी शोधत असेन. जाणकारांनी मते मांडावीत. देशप्रेमाची भाषणे नकोत, ती घरात पुष्कळ झाली.

कॅम्पातला माजी मेजर:
मी स्वतः शॉर्ट सर्व्हिसमधून १४ वर्षांनी बाहेर पडलो, म्हणून अधिकाराने लिहितो. लेफ्टनंटचे मूळ वेतन ५६,१०० रुपये, त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५०० आणि महागाई भत्ता निराळा. पुण्यात खोलीभाडे आणि डबा वजा केल्यावर काय उरते ते मांडून पाहावे. प्रशिक्षणाच्या ४९ आठवड्यांतही दरमहा ५६,१०० मिळतात. दोन वर्षांत कॅप्टन आणि सहा वर्षांत मेजर होता येते. ज्या वयात तुमचे वर्गमित्र रजेचा अर्ज वरिष्ठांच्या टेबलावर ठेवून ताटकळत उभे असतील, त्या वयात तुमच्या वर्कशॉपमध्ये शंभर माणसे आणि कोट्यवधींची वाहने तुमच्या सहीवर चालतील.

पेन्शन नाही, हे मान्य. मात्र २५ वर्षांच्या मुलाने पेन्शनकडे पाहून व्यवसाय निवडावा, हा हिशेब वडिलांच्या पिढीचा आहे.

टिळकवाडीचा हिशेबनीस:
मेजरसाहेबांविषयी आदर ठेवून लिहितो की त्यांनी जमेची बाजू मांडली आणि नावेची वाचलीच नाही. खासगी नोकरीत भविष्यनिर्वाह निधीत जितके तुम्ही भरता, तितकाच वाटा मालकही भरतो. लष्करातल्या अधिकाऱ्याचा डीएसओपी फंड, म्हणजे तिकडचा भविष्यनिर्वाह निधी, हे त्याचेच पैसे व्याजासह परत. त्यात सरकारचा वाटा नसतो. नव्या पेन्शन योजनेतून सैन्यदलांना वगळले आहे आणि जुन्या योजनेची २० वर्षे शॉर्ट सर्व्हिसवाल्याला एरवी गाठता येत नाहीत, म्हणजे तो दोन्हीकडून कोरडाच राहतो.

याहून मोठी गोष्ट हाताच्या कसबाची आहे. आमच्या भागात फाउंड्री, हायड्रॉलिक्स आणि आता हत्तरगीजवळ विमानाचे सुटे भाग असे सलग काम उभे राहिले आहे. तीन वर्षे मशीनवर घासलेल्या माणसाच्या कामाला तेरा वर्षे झाली की कारखाना त्याला सोडत नाही. हे कसब मध्येच दहा वर्षे बाजूला ठेवले, तर परतल्यावर मेजर म्हणून सलाम मिळेल आणि अर्ज मात्र सिक्युरिटी मॅनेजरच्या जागेसाठी करावा लागेल. असे दोघे माझ्या ओळखीचे आहेत.

कॅम्पातला माजी मेजर:
सिक्युरिटी मॅनेजरची गोष्ट खोटी नाही, मलाही तशी जागा देऊ केली होती. परंतु पाच वर्षे सेवा झालेल्या शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्याला केंद्रीय नागरी सेवा परीक्षेत वयाची पाच वर्षे सवलत मिळते, म्हणजे खुल्या प्रवर्गातही ३२ ऐवजी ३७ वर्षे. तयारी आठव्या वर्षापासून करावी लागते; बाहेर पडल्यावर सुरू करणारे फसतात. मीही तसाच फसलो.

चिकोडीचा शिक्षक:
आपल्याकडच्या मराठी मुलाचा एक अडसर कोणी बोललेच नाही. कर्नाटक राज्य सरकारच्या नोकरीत कन्नडची अट असते आणि मराठी माध्यमातली पोरे तिथेच मागे पडतात. केंद्राच्या सेवेत ती भिंत नाही. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी याच कारणाने सैन्याची वाट धरली.

टिळकवाडीचा हिशेबनीस:
गुरुजी, भिंत आहे, पण आपण ती अंमळ उंच करून सांगतो. कन्नड विषय शाळेत शिकवला जातो आणि आमच्या घरातली मुले तो मन लावून शिकली. शिवाय धागाकर्त्यासमोर राज्य सरकारची नोकरी नाहीच, पुण्याची आहे. एसएसबीतही इंग्रजीत अडखळलेली मराठी माध्यमाची मुले थोडी नसतील.

येळ्ळूरची सूनबाई:
आकडे पुरुषांनी मांडले, आता घर मी मांडते. माझे यजमान जवान आहेत, अधिकारी नव्हेत, तरी बदल्या सर्वांच्याच होतात. आठ वर्षांत तीन ठिकाणी संसार मांडला. मुलाने पहिलीचे वर्ष जोधपूरला हिंदीत काढले आणि दुसरीला इथे मराठी शाळेत येऊन बाराखडी पुन्हा गिरवली. सासऱ्यांचे पाय मोडले तेव्हा यजमान पुंछला होते, रजा नवव्या दिवशी मिळाली. अधिकाऱ्याला क्वार्टर बरे मिळते, बदल्यांचे दुःख मात्र तेच. तुमचे लग्न व्हायचे असेल, तर प्रशिक्षण संपेपर्यंत ते करता येत नाही, हेही त्या मुलीला आधी सांगा. मी विरोध करत नाही, पण हा निर्णय एकट्याने घेण्याचा नाही.

कंग्राळीचा अग्निवीर-उमेदवार:
मी पहाटे चारला धावतो. आमच्या गल्लीत "मिलिटरीत जाणे" म्हणजे भरती, अधिकारी होणे कुणाच्या डोक्यातही येत नाही. मला मिळाली तर चार वर्षे मिळतील आणि त्यानंतर शंभरातल्या पंचविसांनाच कायम ठेवतात. तुम्हाला दहा वर्षे अधिकारी म्हणून मिळत आहेत आणि तुम्ही पेन्शन मोजत बसला आहात, दादा. रागावू नका.

खानापूरचा इंजिनिअर:
रागावलो नाही, खजील झालो. येळ्ळूरच्या वहिनींचे म्हणणे काल आईला वाचून दाखवले, तेव्हा तिने इतकेच विचारले, "रजा नवव्या दिवशी का?" हिशेबनीसांचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही, दहाव्या वर्षी कायम कमिशन नाकारले गेले, तर त्यांचेच म्हणणे खरे ठरेल. म्हणून पुण्याला नकार कळवण्याआधी एक ठरवले आहे: दरमहा २५ हजार बाजूला पडतील आणि आठव्या वर्षी परीक्षेची पुस्तके उघडतील. ते न जमल्यास या धाग्यावर येऊन कबुली देईन.

वडिलांनी माळ्यावरून त्यांची काळी पत्र्याची पेटी खाली काढली आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचा लष्करी नंबर आणि नाव आहे. माझा नंबर अजून आलेला नाही, तरी सकाळपासून ते रॉकेलचा बोळा घेऊन स्वतःचा पुसत बसले आहेत.